साताऱ्यात मोठ्या बँकेत अप्रेंटिस म्हणून कस्टमर सपोर्टचं काम मिळतंय, घ्यावं का? आणि कोरेगावहून रोज जा-ये जमेल का?

घ्या, पण पुढे कायम करतील या आशेवर घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की बीकॉम झालंय, सरकारी बँकेत वर्षाची अप्रेंटिसशिप लागलीये आणि साहेब म्हणालेत कस्टमर सपोर्टला बसवणार, तर त्यात शिकायला काय मिळतं की नुसती पासबुकं छापायची. मी साताऱ्यातच अशा एका बँकेत वर्ष काढलंय (नाव नको), त्यामुळे बघितलं तेवढं सांगते. पासबुकं छापायला लागतातच, ते गृहीत धरा, झेरॉक्सपण काढायला लागते.

खरी गंमत अशी आहे की तुमच्या हातात काहीच नसतं. एंट्री मारणारा एक, पास करणारा दुसरा, आणि आपण दोन्हीत नाही. मला सिस्टिमचं लॉगिनच नव्हतं. म्हणजे समोरचा माणूस माझं पैसं कुठं गेलं म्हणून तावातावाने बोलतोय आणि तुम्ही त्याचं खातं उघडून बघूसुद्धा शकत नाही. मग उरतं काय तर विचारणं. नीट चार प्रश्न विचारले की निम्मं काम काउंटरला जायच्या आधीच होतं, आणि हे विचारायला शिकणं हीच या वर्षाची कमाई आहे असं माझं मत आहे.

उदाहरण द्यायचं तर लाडकी बहीणचे दीड हजार. मावशी येतात, पासबुक पुढ्यात टाकतात, शेजारणीचं आलं माझं न्हाय आलं. बॅलन्स बघून काही कळत नाही कारण हे पैसे खाते नंबरवर नाही तर आधारवर येतात, आणि आधार शेवटी ज्या बँकेशी डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला) जोडलं तिथंच पडतात. म्हणून विचारायचं, मावशी एवढ्यात दुसरीकडं कुठं खातं काढलं का, पोस्टात, पतसंस्थेतल्या कुणी काढून दिलेलं, पोराच्या मोबाईलवरनं? आधी न्हाय म्हणतात, मग जरा वेळानं आठवतं. पैसे तिथं सुखरूप असतात.

दुसरं म्हणजे मे महिना. ४३६ आणि २० रुपये कापले की लोक तणतणत येतात, कुणाला इचारून कापलं म्हणून. ४३६ पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे, २० सुरक्षा विम्याचे, दोन्ही वर्षाचे हप्ते, कधीतरी फॉर्मवर सही केलेली असते. त्यांना समजावून कंटाळा येतो खरं, पण याच एंट्रीसाठी एक सवय लावून घ्या. घरातलं कुणी गेलं म्हणून खातं बंद करायला कोण आलं की फॉर्म द्यायच्या आधी पासबुक मागं चाळायचं. एक बाई नवऱ्याचं खातं बंद करायला आलेल्या, शिल्लक हजाराच्या आत, आणि मेच्या पानावर ४३६ ची एंट्री. म्हणजे दोन लाखांचा विमा चालू होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. क्लेम फॉर्म भरून दिला साहेबांनी, मी फक्त पान दाखवलं. जीवन ज्योतीला मृत्यू कशानेही झाला तरी चालतो, २० वाल्याला अपघातच लागतो, एवढा फरक पाठ ठेवा.

एटीएममधून पैसे न येता खात्यातून गेले तर बँकेने पाच दिवसांत परत करायचे, त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई. फसवणूक झालेला माणूस आला तर त्याला बसवून चहापाणी विचारू नका, आधी कार्ड बंद आणि १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सर्क्युलरप्रमाणे चूक बाहेरच्या कुणाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर गिऱ्हाईकावर बोजा नाही, पण ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, म्हणून घाई.

नोव्हेंबरचं वेगळं सांगायला पाहिजे कारण आपल्या जिल्ह्यात माजी सैनिक किती ते तुम्हाला माहितीच आहे, अपशिंगे मिलिटरीसारखी गावंच्या गावं. हयातीच्या दाखल्याला रांग लागते आणि ऐंशीच्या पुढच्या आजोबांचा अंगठा मशीन घेतच नाही, शेतात राबून रेषा झिजलेल्या. तेव्हा मोबाईलवर चेहरा स्कॅन करून जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला होतो, ते ॲप आधी शिकून ठेवा, शाखेत तुमचं वजन त्यानंच वाढेल.

वाईट काय, तर विमा आणि क्रेडिट कार्ड विकायला लावतात. आमच्याकडं टार्गेटचा आकडा अप्रेंटिसच्या पण गळ्यात मारायचे. एफडीला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पॉलिसी चिकटवायला सांगितलं तर सरळ वरच्या साहेबांकडं पाठवा, तुमच्या तोंडून ते होऊ देऊ नका.

पैशाचं म्हणाल तर मला १५,००० स्टायपेंड होता, त्यातले ४,५०० सरकारचे थेट आपल्या खात्यात (तुमचंही आधार लिंक तपासा, नाहीतर मावशींसारखं व्हायचं). काही बँका शाखा गावात की शहरात बघून कमी देतात. पीएफ नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात तुम्ही कामगार नाही, शिकाऊ आहात, आणि नोकरी द्यायचं बंधन बँकेवर नाही. परत दुसऱ्या बँकेत अप्रेंटिसशिप पण करता येत नाही, म्हणजे ही संधी एकदाच वापरता येते. एखादी बँक आपल्या अप्रेंटिसना भरतीत थोडं वेटेज देते, जाहिरातीत छापलं असेल तरच धरा. नाहीतर आयबीपीएसचा (बँक भरतीच्या परीक्षेचा) अभ्यास संध्याकाळी चालू ठेवायलाच लागतो.

कोरेगावहून जमेल. मुलगी असाल तर एसटीला अर्धं तिकीट आहे, दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. फक्त पब्लिकसाठी शटर चारला पडलं तरी तुम्हाला निघायला सहा-साडेसहा होतात, मार्च एंडला त्याहून उशीर, तेव्हा स्टँडवरून रात्रीच्या गाड्या किती वाजता आहेत ते आधी विचारून या, मग रूम घ्यायची का ते ठरवा.