सोमवारी दिलेला शब्द शनिवारपर्यंत का टिकत नाही?

प्रश्न: नागपुरात आमच्या चार मजली इमारतीचं काम चालू आहे. सोमवारच्या बैठकीत सगळे ठेकेदार आठवड्याचं काम कबूल करतात, शनिवारी निम्मंही झालेलं नसतं. टक्केवारी काढून बिलातून कपात करायचा विचार आहे. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

उत्तर:

कपातीचा विचार आधी सोडा. सॉफ्टवेअरकडे नंतर येऊ.

हिंगण्याकडच्या एका साइटवर हेच झालं होतं. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब, 300 चौरस मीटर. सोमवारी सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीटखालच्या तात्पुरत्या साच्याच्या, मुकादमाने सांगितलं, "गुरुवारपर्यंत होऊन जाते साहेब." त्या भरवशावर फिटरने शुक्रवारपासून लोखंड बांधायचं कबूल केलं. लोखंड 5 टन. एक जोडी दिवसाला साधारण 250 किलो बांधते, म्हणजे 5 जोड्या, 4 दिवस. खालची जाळी झाली की इलेक्ट्रिशियन पाइप टाकणार, बुधवारी कन्सल्टंट चेकिंगला येणार, गुरुवारी पहाटे 60 घनमीटर आरएमसी (बाहेरून येणारं तयार काँक्रीट), म्हणजे 6 घनमीटरच्या 10 गाड्या. कागदावर सगळं जुळलेलं होतं. प्रत्यक्षात सेंट्रिंग 120 चौरस मीटरवर थांबलं, कारण प्रॉप, म्हणजे साच्याखालचे टेकू, संपले.

साइटवर प्रॉप होते 420. चौरस मीटरला एक या हिशेबाने त्यातले 300 खालच्या स्लॅबखाली अडकलेले. तो भरून सोमवारी 9 दिवस झाले होते आणि त्याचे गाळे (दोन आधारांमधलं अंतर) 5 मीटरचे. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप 7 दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवसांनी. 6 मीटरपर्यंतच्या बीमला 14, त्यापुढे 21. राखमिश्रित सिमेंट असेल तर आणखी थांबावं लागतं. म्हणजे शनिवारच्या आधी ते 300 प्रॉप सुटणारच नव्हते. मुकादमाला हे सोमवारीच ठाऊक होतं. तो बोलला नाही, कारण त्या साइटवर बैठकीत "नाही" म्हणणाऱ्याचं पुढचं बिल लटकायचं.

त्यानंतर तिथे तुम्ही म्हणता तशीच कपात सुरू झाली. मुकादमाने काय करावं? फळ्या साफ करणं, माल वर चढवणं, ऑइल लावणं अशी 12 किरकोळ कामं कबूल करायची आणि 11 पूर्ण करायची. टक्का 92, स्लॅब जागेवरच. प्रकल्पप्रमुखांचं म्हणणं होतं की दंडाशिवाय शिस्त येत नाही. माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आजही आहे: टक्क्यावर पैसे लावले की खरी माहिती मिळणं बंद होतं. आणि आठवड्याचा शब्द घेऊन टक्का मोजायची ही सगळी पद्धत त्या माहितीसाठीच आहे. बांधकाम-नियोजनाचे अभ्यासक ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी ती 'लास्ट प्लॅनर' (शेवटचा नियोजक) या नावाने मांडली ती शब्द देणाऱ्याला नकाराचा हक्क आहे, हे धरूनच. उद्या कोणत्या हाताला कोणतं काम द्यायचं हे शेवटी ठरवणारा माणूस म्हणजे आपला मुकादम. शब्द ठेकेदाराच्या ऑफिसातल्या माणसाकडून नको, त्याच्याकडून घ्या.

बैठक सोमवारी नको, गुरुवारी किंवा शुक्रवारी घ्या. सोमवारी अडचण कळली तर ती सोडवायला वेळच नसतो. पुढच्या 6 आठवड्यांची कामं काढून प्रत्येकापुढे विचारा: ड्रॉइंग अंतिम आहे का, माल आला का, माणसं किती, साधनं मोकळी आहेत का, आधीचं काम संपलं का, जागा रिकामी आहे का, मंजुरी आणि हवामानाचं काय. एकाही प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं तर ते काम पुढच्या आठवड्यात घ्यायचं नाही. अडचणीपुढे नाव आणि तारीख लिहायची, आणि ते नाव बहुतेक वेळा तुमच्याच ऑफिसातलं निघेल. पंख्याच्या बॉक्सची जागा मालक ठरवत नाही म्हणून इलेक्ट्रिशियन थांबतो, त्यात त्याचा काय दोष?

कामाचे शब्द नेमके हवेत. "दुसऱ्या मजल्याचं सेंट्रिंग" चालणार नाही. "दुसरा मजला, ग्रिड ए ते सी, बीमचे तळ आणि बाजू, 8 सुतार, बुधवार संध्याकाळी 6" असं लिहा. शनिवारी फक्त पूर्ण झालेलं मोजा. 90 टक्के झालेलं काम शून्य धरायचं, कारण पुढच्या टोळीला त्याचा उपयोग नाही. 20 पैकी 13 म्हणजे 65 टक्के. उरलेल्या 7 पुढे कारण लिहा आणि महिन्याने कारणं मोजा. या टक्क्याचं इंग्रजी लघुरूप 'पीपीसी' (पर्सेंट प्लॅन कम्प्लीट) तक्त्यावर मात्र लिहू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ राखमिश्रित सिमेंट होतो.

भाताची रोवणी लागली की भंडारा, गोंदिया, बालाघाटकडची माणसं गावी जातात. पोळ्याला, होळीला हजेरी घटते, खर्ची (मजुरांची उचल) वाटल्याच्या दुसऱ्या दिवशीही. मे महिन्यात 12 ते 4 कुणी सेंट्रिंगवर उभं राहू शकत नाही. हे दरवर्षीचं आहे, त्यामुळे "लेबर आलं नाही" हे कारण जुलैत ऐकून घेऊ नका, जूनमध्येच विचारा.

सॉफ्टवेअर: पहिले दोन महिने भिंतीवर कागद आणि प्रत्येक टोळीच्या वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या, नोंदीला एक्सेल. मुकादमाने चिठ्ठी स्वतः लावायची.

एक राहिलं. टक्का म्हणजे प्रगती नव्हे. 90 टक्के येऊनही इमारत उशिरा होऊ शकते, म्हणून मुख्य वेळापत्रक वेगळं तपासत राहा. वाकडं प्लास्टर, कमी कव्हर (लोखंडावरचा काँक्रीटचा थर) यासाठी करारात कपात असेल तर ती खुशाल करा, त्याला माझा विरोध नाही. आणि साइटवर दोनच टोळ्या असतील तर एवढा खटाटोप नको, रोज सकाळी 10 मिनिटं उभ्याने बोललात तरी पुरे.