एका शब्दामुळे सिनेटर पडला का?

प्रश्न : २००६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचे विद्यमान सिनेटर जॉर्ज ॲलन भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याचा अपमान केल्यामुळे पडले, असे तिकडे राहणारा माझा भाचा सांगतो. एका शब्दाने एवढा मोठा नेता पडतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धेच आहे. ११ ऑगस्ट २००६ रोजी केंटकीच्या सीमेलगत ॲलन यांची प्रचारसभा चालू होती आणि तो विद्यार्थी, म्हणजे प्रतिस्पर्धी डेमोक्रॅटिक उमेदवार जिम वेब यांचा वीस वर्षांचा कार्यकर्ता, ती कॅमेऱ्यात टिपत होता. ॲलन यांनी बोट दाखवून त्याला दोनदा ‘मकाका’ म्हटले, जे माकडांच्या एका कुळाचे नाव आहे, आणि वर अमेरिकेत त्याचे स्वागत केले. हा मुलगा व्हर्जिनियातच जन्मला, तिथेच वाढला. ॲलन यांचा जन्म मात्र कॅलिफोर्नियातला. मला त्या शब्दापेक्षा हे स्वागतच जास्त झोंबते, कारण ज्याचे घर तिथेच आहे त्याला केवळ वर्णावरून पाहुणा ठरवले गेले. ॲलन यांनी पुढे माफी मागितली, तरी तोवर ती चित्रफीत देशभर पोहोचली होती.

तथापि, त्या वर्षी इराक युद्धामुळे ॲलन यांच्या रिपब्लिकन पक्षाविरुद्ध सर्वत्र नाराजी होती आणि वेब हे त्या नाराजीला साजेसे उमेदवार होते. व्हिएतनाममध्ये लढलेले, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात नौदलमंत्री राहिलेले हे गृहस्थ इराकमध्ये तैनात असलेल्या मुलाचे लष्करी बूट घालून प्रचाराला हिंडत, त्यामुळे युद्धाला विरोध करूनही त्यांच्या देशभक्तीवर बोट ठेवणे कोणालाही सोपे नव्हते. शिवाय वॉशिंग्टनलगतच्या फेअरफॅक्ससारख्या उपनगरांत नव्याने वस्तीला आलेला, नाना देशांतून आलेला मतदार वाढत होता.

एकूण २३ लाखांहून अधिक मतांत वेब सुमारे ९,३०० मतांनी निवडून आले. इतक्या निसटत्या निकालात तो शब्दही निर्णायक ठरला असावा, असे मला वाटते; पण मोठे मताधिक्य असते, तर तो ॲलन यांना पचूनही गेला असता. याच जागेमुळे सिनेटमधील बहुमत ५१ विरुद्ध ४९ असे डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले. फरक एक टक्क्याहून कमी असल्याने फेरमोजणी मागण्याचा हक्क ॲलन यांना होता; तो न वापरता त्यांनी ९ नोव्हेंबरला पराभव मान्य केला, हेही भाच्याला अवश्य सांगावे.