गाडीविना लॉस एंजेलिस

प्रश्न : मुलाकडे लॉस एंजेलिसला आलोय. तो दिवसभर ऑफिसात, आम्हा दोघांना गाडी येत नाही. शहर बघायचं कसं?

उत्तर : तुकड्यातुकड्यानं! आधी बस-मेट्रोचं ‘टॅप’ कार्ड घ्या, त्यात पैसे भरा, १.७५ डॉलरच्या एका भाड्यात दोन तास बस-मेट्रो बदलता येते. सुरुवात १९३९च्या युनियन स्टेशनपासून करा. मेट्रोच्या बी लाइननं पर्शिंग स्क्वेअर स्टेशन गाठा, जवळच १९१७पासूनचं ग्रँड सेंट्रल मार्केट. तिथे पोटपूजा उरका. रस्ता ओलांडला की एंजल्स फ्लाइट : केबलला बांधलेले दोन नारिंगी डबे, एक टेकडी चढतो तेव्हा दुसरा उतरतो. गुडघे कुरकुरत असतील तर शेजारच्या पायऱ्यांच्या नादी लागू नका. समुद्रासाठी ई लाइन थेट सांता मोनिकाला जाते. टोपी मात्र हवीच. फुटपाथ आहेत, सावलीची बोंब! आणि रस्ता ओलांडताना सिग्नलच्या खांबावरचं बटण दाबा, नाहीतर उभेच राहाल.