अभ्यासात हुशार, पण हाताला वळण नाही

"मॅडम, गणितात पैकीच्या पैकी आणि हस्तकलेत वर्गात सगळ्यात खाली. याच्या हाताला वळणच नाही." सातवीतल्या एका मुलाची आई सांगत होती. अशी तक्रार घेऊन बरेच पालक येतात आणि पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: हे जन्मजात असतं का?

बहुतेक वेळा नसतं. पण नुसतं बोलून ते कळत नाही, मूल काम करताना बघावं लागतं. म्हणून पुढच्या भेटीला मी अर्धवट राहिलेली वस्तू आणायला सांगितली. त्याने पुठ्ठ्याची पेटी आणली. पूर्ण झालेल्या वस्तू घरी बऱ्याच होत्या, पण सगळ्यांवरून शेवटचा हात आईनेच फिरवला होता. "मार्क जाऊ नयेत म्हणून," ती म्हणाली.

तो कापायला बसला. कात्री डाव्या हातात धरलेली, आणि कात्री नेहमीची, उजव्या हातासाठी बनवलेली. ती डाव्या हाताने दाबली की पाती एकमेकांना घासण्याऐवजी फाकतात आणि कागद मध्येच दुमडतो. शिवाय आखलेली रेघ वरच्या पात्याआड जाते. मनगट वाकडं करून तो ती शोधत होता. "माझं नेहमी असंच होतं," तो पुटपुटला. दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो, तरी ही गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या लक्षात येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

डावखुऱ्यांची कात्री दिल्यावर कड बरीच सरळ आली. झाकण मात्र बसेना. एरवी अशा वेळी आई पुढे व्हायची. मी तिला थांबवलं. त्याने झाकण उलटसुलट करून पाहिलं, पट्टी लावली, बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी पुठ्ठ्याची जाडी धरलीच नाही. झाकण आतून पेटीपेक्षा जरासं मोठं हवं." माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच होतं, आणि घरी पूर्ण केलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर नेमकं तेच त्याच्या हातून निसटत होतं.

आईला हे पटायला वेळ लागला. तिला मी 1979 सालचा जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांचा प्रयोग सांगितला. हाताची एकच हालचाल सलग घोटणारे सरावात वेगवान दिसले, हालचाली आलटूनपालटून करणारे अडखळले. 10 दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा अडखळणारेच पुढे होते. त्या वेळी काम किती सफाईदार दिसलं यावरून किती शिकलं ते ठरवता येत नाही.

शिक्षिकेशीही बोलले. वस्तूबरोबर कुठे चुकलं आणि काय बदललं हे चार ओळींत लिहून द्यायचं, त्यालाही गुण, असं त्यांनी आनंदाने मान्य केलं. वर्षअखेरीस त्याची श्रेणी एकाच पायरीने वर गेली. पण त्या वर्षाच्या वस्तू पूर्णपणे त्याच्या होत्या.

मात्र बटणं लावणं, बुटाची नाडी, चेंडू झेलणं, अक्षर अशा सगळ्यातच मूल मागे पडत असेल, तर वाट बघू नका. 5 ते 6 टक्के मुलांमध्ये हालचालींच्या समन्वयाची विकासात्मक अडचण असते. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडून) तपासणी करून घ्या.