एका शेताचे दोन कर्ब

प्रश्न : माझ्या शेतातील काळ्या मातीच्या एकाच नमुन्याचे दोन भाग करून मी ते दोन प्रयोगशाळांकडे पाठवले. पहिल्या अहवालात सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थातील कार्बन) ०.४८ टक्के व मुक्त चुना ८ टक्के आहे, तर दुसऱ्या अहवालात कर्ब १.६० टक्के दाखवला आहे. कंपोस्टमुळे कर्ब किती वाढतो हे मला दरवर्षी पाहायचे आहे. कोणता आकडा खरा मानावा?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण ती एकाच गोष्टीची मोजमापे नसावीत. आपल्याकडील बहुतेक माती परीक्षण प्रयोगशाळा वॉक्ली व ब्लॅक यांची १९३४ सालची पद्धत वापरतात. बारीक चाळलेल्या मातीत पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण व तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. आम्ल पाण्यात मिसळताना निघणाऱ्या उष्णतेनेच सेंद्रिय पदार्थाचे ऑक्सिडीकरण होते आणि अर्ध्या तासाने शिल्लक डायक्रोमेट मोजून किती खर्ची पडले ते व त्यावरून कर्ब काढतात. बाहेरून उष्णता न दिल्यामुळे हे ऑक्सिडीकरण अपुरे राहते. सरासरी ७७ टक्के कर्बच हाती लागतो असे धरून उत्तराला सुमारे १.३ ने गुणायचे असते. काही प्रयोगशाळा हा गुणक लावतात, काही लावत नाहीत, आणि अहवालावर तसा उल्लेख असतोच असे नाही, ही खरी अडचण आहे.

दुसऱ्या प्रयोगशाळेने बहुधा कोरड्या ज्वलनाचे यंत्र वापरले असावे. त्यात सुमारे एक हजार अंश सेल्सिअसला नमुना जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. पण या तापमानाला चुनखडीचेही (म्हणजे अहवालातील मुक्त चुना, कॅल्शियम कार्बोनेट) विघटन होते आणि तिच्यातील कार्बन हिशेबात मिसळतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात १२ टक्के कार्बन असतो, म्हणजे आपल्या मातीतील ८ टक्के चुन्याचा वाटा ०.९६ टक्के झाला. तो १.६० मधून वजा केल्यास ०.६४ उरतात, आणि पहिल्या अहवालातील ०.४८ ला गुणक लावलेला नसेल, तर १.३ ने गुणून ०.६२ येतात. मेळ उत्तम आहे. मात्र चुन्याच्या मोजणीत एका टक्क्याची चूक झाली तरी कर्बात ०.१२ चा फरक पडतो, म्हणून चुनखडीच्या जमिनीत अशा वजाबाकीवर विसंबण्यापेक्षा ज्वलनापूर्वी नमुन्यातील चुना सौम्य आम्लाने काढून टाकायला सांगणे चांगले. (कोकणातील खार जमिनींत गोष्ट निराळी : तेथे क्लोराइडही डायक्रोमेट खर्च करते आणि पहिल्या पद्धतीचाच आकडा फुगतो.)

दरवर्षीच्या तुलनेसाठी वॉक्ली-ब्लॅक पद्धत पुरेशी आहे. फक्त प्रयोगशाळा, गुणक, नमुन्याची खोली आणि हंगाम बदलू नका. कंपोस्ट दिल्यावर लगेच नमुना घेऊ नका. बांध, झाडाची सावली व उकिरड्याची जागा टाळा. एक वर्ष १५ सेंटिमीटर आणि पुढच्या वर्षी २५ सेंटिमीटर खोलीवरून माती काढली, तर कंपोस्टचा परिणाम त्यातून कळणार नाही, कारण कर्ब वरच्या थरात अधिक असतो.

अपेक्षाही बेताची ठेवावी. मातीची स्थूल घनता (ठरावीक आकारमानातील वाळलेल्या मातीचे वजन) दर घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरली, तर एका हेक्टरवरील १५ सेंटिमीटरच्या थराचे वजन १९५० टन भरते, कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे त्या मातीत जवळजवळ दोन टन कार्बन टिकून राहिला पाहिजे, आणि कंपोस्टमधील कार्बनचा मोठा भाग तर जिवाणूंच्या श्वसनातून हवेत जातो. हेक्टरी टनांत हिशेब ठेवायचा असेल, तर घनता स्वतः मोजून घ्या : ठरावीक आकारमानाची धातूची नळी मातीत ठोकून बसवायची, आतील माती १०५ अंशांवर वाळवून तिचे वजन करायचे आणि त्याला नळीच्या आकारमानाने भागायचे. काळी माती ओलीने फुगते व वाळली की आक्रसते, तेव्हा हे काम दरवेळी वाफशावरच करावे.