दोन काट्यांच्या घड्याळाबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. कॅलाट्राव्हा, टँक, रिव्हर्सो आणि लांगे अशी चार घड्याळांची नावं लिहून तू खाली विचारलंयस, "दोन-तीन काटे आणि चामड्याचा पट्टा. यात लोकांनी जीव टाकावा असं आहे तरी काय?"

हा प्रश्न पैसे मोजायच्या आधी पडला, हे फार बरं झालं. डायव्हिंगच्या घड्याळावर किंवा क्रोनोग्राफवर, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळावर, नजर गुंतायला बरंच काही असतं. काचेभोवतीची फिरती कडा म्हणजे बेझेल, छोट्या तबकड्या, बटणं. त्या गर्दीत एखादी गोष्ट फसली तरी खपून जाते. ड्रेस वॉचमध्ये, म्हणजे समारंभाला घालायच्या साध्या घड्याळात, डायल, काटे, केस (बाहेरचं धातूचं कवच), संपलं. काटा तिळभर आखूड पडला तरी सगळं घड्याळ बिघडतं. म्हणून इथे साधेपणा करून दाखवणं सगळ्यात अवघड, आणि तो ओळखायला डोळा तयार करावा लागतो. तुला मी आज एवढंच सांगणार आहे: घड्याळ नंतर घे, आधी बघायला शीक.

कॅलाट्राव्हापासून सुरुवात करू. गोल ड्रेस वॉच म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते बऱ्याच अंशी पॅटेक फिलिप कंपनीच्या १९३२ मधल्या रेफरन्स ९६ या मॉडेलने, म्हणजे पहिल्या कॅलाट्राव्हाने, घालून दिलेलं आहे. त्याच वर्षी स्टर्न बंधूंनी ही कंपनी विकत घेतली. स्टर्न मंडळींचा मूळ धंदा डायल बनवण्याचा. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल. घड्याळ जेमतेम ३१ मिलिमीटरचं. लग्ज, म्हणजे पट्टा अडकवायचे चार पाय, वेगळे चिकटवल्यासारखे वाटतच नाहीत. केसच्या कडेतूनच ते वळण घेत मनगटाकडे उतरतात. डॉफिन, म्हणजे लांबट टोकदार, काट्याला मधोमध धार असते. मनगट जरा कललं की काट्याची एक बाजू उजळते आणि दुसरी काळवंडते, त्यामुळे अंधुक उजेडातही तो डायलपासून सुटा दिसतो. हातात असं घड्याळ आलं की मी दिव्याखाली मिनिटभर तरी हेच करत बसतो.

आता भिंग घे. त्या काळच्या पॅटेकच्या चांगल्या डायलवर नाव शाईने छापलेलं नसायचं. अक्षरं धातूत कोरायची, खाचेत एनॅमल, म्हणजे काचेसारखा रंग, भरायचं आणि ते भट्टीत भाजून पक्कं करायचं. तिरप्या उजेडात ती अक्षरं भरीव दिसतात. पुढे कुणी डायल जोरात साफ केली की नाजूक रेघा आधी जातात, फ्रेंच अक्षरांवरची उच्चाराची चिन्हं झिजतात. आणि डायल पुन्हा रंगवलेली असेल, तर अक्षरं सपाट आणि फुगलेली दिसतात.

हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही. मी घेतलेलं पहिलं जुनं घड्याळ वेगळ्या कंपनीचं होतं. डायल पांढरीशुभ्र, एक डाग नाही, आणि त्यासाठीच मी जास्त पैसे मोजले. पुढे तेलपाण्याला दिलं तेव्हा घड्याळजींनी काच काढली आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात ठेवलं. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नव्हत्या. चारच्या खुणेत तर एक रेघ शिरली होती. सहाच्या खाली 'स्विस' हा शब्द हवा, तो नव्हताच. डायल नव्याने रंगवलेली होती. कितीतरी दिवस मला ते घड्याळ हातात घालवेना. जुन्या घड्याळाची डायल किंचित पिवळी पडलेली, कडेला थोडी डागाळलेली, पण मूळची असेल, तर जाणता संग्राहक तीच उचलतो. नव्यासारखी चकाकणारी दिसली की आधी शंका घे.

केसचंही तसंच. सोनं मऊ. प्रत्येक पॉलिशमध्ये त्याचा एक पापुद्रा जातो. तीनचार वेळा पॉलिश झालं की लग्जच्या धारा गोल होतात, हॉलमार्क पुसट होतो. ओरखडे असलेली पण धार शाबूत असलेली केस मी केव्हाही पसंत करेन. घड्याळ सर्व्हिसिंगला देताना "पॉलिश करू नका" हे कागदावर लिहून देत जा.

टँकची रेखाकृती लुई कार्टिएने १९१७ मध्ये केली. पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्याकडे वरून पाहिल्यावर दिसणारा आकार तिच्यामागे होता, असं सांगतात. दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या म्हणजे रणगाड्याचे साखळीचे पट्टे, आणि त्याच पुढे जाऊन लग्ज होतात. रोमन आकडे, रुळांसारखी मिनिटांची पट्टी, निळे काटे, क्राउनवर, म्हणजे चावी द्यायच्या घुंडीवर, निळा खडा. बऱ्याच टँकच्या डायलवर सातच्या रोमन आकड्याच्या एका दांडीत कंपनीचं नाव सूक्ष्म अक्षरांत लिहिलेलं असतं. ते शोधण्यात मोठी गंमत आहे, शोधून बघ. तुझं बजेट बेताचं असेल तर १९७७ नंतरचे जुने 'मस्ट' टँक बघ. ते चांदीचे, वर सोन्याचा मुलामा. कोपरे नीट तपास, मुलामा तिथेच आधी उडतो.

रिव्हर्सो १९३१ चं. ब्रिटिश अमलातल्या भारतात पोलो खेळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून केसच उलटी करता यावी ही कल्पना निघाली. आज ते घालून कुणी पोलो खेळत नाही, पण त्या कोऱ्या पाठीवर लोक नावं, तारखा कोरून घेतात. परक्या माणसाची आद्याक्षरं असलेलं रिव्हर्सो बरेच जण टाळतात. मला मात्र ते आवडतं.

लांगेसाठी घड्याळ उलटं करावं लागतं. जर्मनीतल्या ग्लासह्युटं गावची ही कंपनी १९४८ मध्ये सरकारजमा झाली. वॉल्टर लांगेंनी १९९० मध्ये ती पुन्हा उभी केली आणि १९९४ मध्ये पहिली चार घड्याळं आणली, त्यातलं एक लांगे १. मागच्या काचेतून यंत्राचा पाऊण भाग झाकणारी जर्मन सिल्व्हरची तीन-चतुर्थांश प्लेट आणि हाताने कोरलेला बॅलन्स कॉक, म्हणजे झुलतं चाक धरून ठेवणारा तुकडा, दिसतो. प्रत्येक मूव्हमेंट, म्हणजे घड्याळाचं आतलं यंत्र, दोनदा जुळवतात. एकदा जुळवून चालवतात, मग पूर्ण सुटी करून, शेवटचा हात फिरवून पुन्हा जुळवतात. पुलांच्या, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडा तिरप्या घासून चकचकीत केलेल्या असतात ना, त्या कडा आतल्या बाजूला जिथे टोकदार कोपऱ्यात मिळतात, तिथे बघ. तसा अणकुचीदार आतला कोपरा यंत्राला नीट साधत नाही, तिथे हातच लागतो.

बारीकपणाचं वेड वेगळंच. व्हाशरॉन कॉन्स्टँटिनने १९५५ मध्ये १.६४ मिलिमीटर जाडीची मूव्हमेंट केली, पियाजेने १९५७ मध्ये २ मिलिमीटरची ९पी. एवढ्या जागेत चाकांना एकमेकांना न घासता फिरायला जेमतेम वाव उरतो. त्यात घड्याळ चालतं ठेवणं ही मोठीच गोष्ट आहे. फक्त अशा घड्याळाची सर्व्हिसिंग सगळ्यांना जमत नाही, घेण्याआधी कारागीर शोधून ठेव.

तू विचारलंयस, यात गुंतवणूक म्हणून पैसे घालावेत का. मी नाही म्हणेन. भाव चढतात तसे उतरतातही, आणि भावाकडे डोळा लागला की डायलकडे लागत नाही. वेळ बरोबर कळण्यासाठीही हे नकोच. २५ डिसेंबर १९६९ ला सेकोचं क्वार्ट्झ घड्याळ आलं, तेव्हाच तो हिशेब मिटला.

आणि घेतलंस की वापर. सकाळी हातातून काढून चावी दे, मनगटावर ठेवून नको, क्राउनच्या दांडीवर तिरका ताण येतो. चावी देताना बोटाला अडल्यासारखं वाटलं की थांब. डायलवर ३० मीटर लिहिलं असलं तरी पाण्यापासून जप.

तुझ्या यादीतल्या त्या जुन्या रेफरन्स ९६ बद्दल. विकणाऱ्याकडून मूव्हमेंटचा आणि केसचा नंबर घे. पॅटेक आपल्या दप्तरातून उतारा देते, त्यात घड्याळ कधी बनलं आणि कधी विकलं गेलं ते कळतं. पण डायल पुढे कुणी रंगवली का, हे तो कागद सांगणार नाही. त्यासाठी नावाच्या अक्षरांचा, बाजूने तिरपा उजेड पाडून काढलेला जवळचा फोटो माग, आणि चारही लग्जचे एकेक. फोटो आले की लगेच मला पाठव. तोवर पैसे देऊ नकोस.