टाइपरायटरला तेल पाजू नका

प्रश्न : वडिलांचा गोदरेजचा मराठी टाइपरायटर दहा-बारा वर्षं माळ्यावर होता. अक्षरं वर जाऊन तिथेच अडकतात. तेल सोडलं, दोन दिवस बरा चालला, आता जास्तच अडकतो.

उत्तर : तेलानेच घात केला. टाइपाच्या काड्या ज्या अर्धगोल लोखंडी कंगव्यात बसतात, त्याच्या फटी जेमतेम काडीएवढ्या असतात. तिथे तेल गेलं की धूळ धरते आणि डिंकासारखा चिकटा होतो. खाली फडकं पसरा. जुना टूथब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून प्रत्येक फट घासा आणि ओली असतानाच तिची कळ वीस-पंचवीस वेळा दाबा. फडक्यावर काळं उतरायचं थांबेपर्यंत हेच. बाहेरच्या रंगावर थेंब उडू देऊ नका, रंग सुटतो. नंतर तो भाग कोरडाच ठेवायचा. तेल लागतं ते कॅरेजच्या, म्हणजे कागद धरून आडव्या सरकणाऱ्या भागाच्या, रुळांना : शिलाई मशीनचं, एक थेंब, तोही पुसून घ्यायचा.

एवढं करूनही एखादीच काडी अडली, तर ती वाकली आहे. दोन कळा एकदम दाबल्या की असं होतं. घरी पकड लावू नका. काडी केसभर हलली तरी अक्षर ओळीच्या वर-खाली बसतं, आणि मराठीत शिरोरेषा तुटलेली लगेच डोळ्यांत येते. गोदरेजने १९५५ मध्ये सुरू केलेलं उत्पादन कधीच थांबवलंय. सुटे भाग आता जुन्या मशीनमधूनच काढावे लागतात.

प्रश्न : नवी रिबन घालूनही शाई उमटत नाही, कागदावर नुसता वळ उठतो.

उत्तर : रंग बदलायची खिटी पांढऱ्या खुणेवर, म्हणजे स्टेन्सिलवर (प्रती काढायचा मेणकागद शाईविना कापायची जागा) असणार. तिथे रिबन वर उचललीच जात नाही. खिटी काळ्यावर आणा. रिबन १३ मिमी रुंदीची हवी, आणि टोकाजवळ धातूची रिंग हवी. रिंग नसेल तर रिबन उलट फिरत नाही, टोकाला ताणून एकाच जागी फाटते.

प्रश्न : मुलीला यावर पत्रं लिहायची आहेत, पण भ, थ, ण सापडत नाहीत.

उत्तर : कळा मोजक्या, देवनागरी मोठी. म्हणून अर्धा भ आणि मग काना, झाला भ. थ, ण तसेच. पहिली वेलांटी मात्र अक्षराच्या आधी. रोलर जुना होऊन कडक झाला असेल, तर कागदामागे दुसरा कोरा कागद लावा, नाहीतर पूर्णविरामाच्या जागी भोक पडेल.